आठव्या मजल्यावरचा पडदा

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने तिसऱ्यांदा सांगितलं की सगळं मॅडमच्या पॉइंटांत वळतं झालंय, द्यायचं काहीच नाही, तेव्हा कुठे दादाने पाकीट खिशात परत घातलं. तीन खोल्या, दोन दिवस, सकाळचा नाश्ता, आणि घरातल्या कर्त्या मुलाने नुसतं उभं राहायचं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. वडील गेल्यापासून चौदा वर्षं या घरात डॉक्टर असो की शाळा, पाकीट त्याचंच बाहेर आलं होतं. आता रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने आईच्या हातातली शिवणाची पेटी घ्यायला हात पुढे केला. आईने पेटी दिली नाही. गाडीतही ती तिने मांडीवरच ठेवली होती.

"पॉइंट म्हणजे शेवटी पैसेच ना?" त्याने धाकट्या बहिणीला विचारलं.

"पैसे नाहीत, दादा. रात्री आहेत," धाकटी म्हणाली. "या लोकांच्या हॉटेलांत जितक्या रात्री झोपायचं तितके पॉइंट. नऊ वर्षं झोपून काढली, त्याची ही कमाई."

धाकटी लिफ्ट तपासते. गावोगावच्या इमारतींत जायचं, लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं बघायची, आणि माणसं घेऊन वरखाली करायला ती लायक आहे की नाही ते सही करून सांगायचं, हे तिचं काम. घरचा धंदा मात्र पडद्यांचा. आई-वडिलांनी दोन मशीनवर सुरू केलेल्या दुकानाला यंदा पन्नास वर्षं झाली. तिसरं मशीन वडिलांनी खास धाकटीसाठी घेतलं होतं, आणि ती त्यांची शेवटची खरेदी. त्यावर ती जेमतेम काही वर्षं बसली आणि एक दिवस लिफ्टच्या परीक्षेचा फॉर्म भरून आली. आईने आरडाओरडा केला नाही. तिने मशीनवर कापड टाकलं आणि पुन्हा त्यावर कुणाला बसू दिलं नाही.

पुढे धाकटीने घरी पाठवलेले पैसे दोनदा परत आले, तिसऱ्यांदा तिने पाठवलेच नाहीत. शेजारपाजारच्या कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर आईचं उत्तर ठरलेलं असायचं: ती बाहेरगावी असते. जणू बाहेरगावी असणं हाच तिचा हुद्दा.

म्हणून ही पॉइंटांची युक्ती. पॉइंट परत करता येत नाहीत हे धाकटीने आधी नीट चौकशी करून घेतलं होतं. दुकानाची पन्नाशी हे निमित्त झालं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं: आईने एकदा, एकदाच, तिच्या कामाला काम म्हणावं. त्यासाठी आई इथे टिकायला हवी होती, आणि आईने तर निघतानाच अट घातली होती की जमलं तर राहीन, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत.

काउंटरवरच्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली मनापासून हसत होती. म्हणाली, मॅडम, तुमची नेहमीची खोली ठेवलीय, लिफ्टच्या भिंतीला लागून. बाकीचे पाहुणे लिफ्टपासून लांबची मागतात, एकट्या तुम्हीच जवळची मागता. दोन उशा ठेवल्यात. फुलं काढायला सांगितलीत.

"फुलं का काढली?" दादाने विचारलं.

"शिंका येतात मला."

"कधीपासून?"

"झाली की सहा-सात वर्षं."

आपल्या बहिणीला फुलांनी शिंका येतात हे काउंटरवरच्या परक्या पोरीला माहीत, आणि जिला त्याने खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं तिच्याबद्दल त्याला ते आज कळत होतं. त्याला राग यायला हवा होता, पण आला अभिमान. मुलगी तिला मॅडम म्हणताना उभी राहिली होती. आजवर कुणी मापं द्यायला आलं तर दादाच उभा राहायचा, त्याच्यासाठी कुणी उभं राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मुलगी आता आईकडे वळली आणि तिने विचारलं, "तुम्ही मॅडमच्या आई का?"

"मी पडदेवाली," आई म्हणाली.

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. आत्याने मात्र ते सगळं टिपलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, वय सत्तर, आणि या घरात धाकटीची एकमेव उघड पाठीराखी. तिने भावजयीच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की इथे पडदे विकायला नाही आलो आपण, राहायला आलोय.

*

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर माणूस जे जे करतो ते आत्याने रीतसर केलं. पलंगावर बसून तो दाबून पाहिला, सपाता पायांत घालून पाहिल्या, साबणाच्या वड्या मोजल्या आणि त्यातली एक पर्समध्ये टाकली. आई आणि आत्याला आठशे सहा, दादा-वहिनीला आठशे पाच आणि धाकटीला तिची नेहमीची आठशे सात. सामान टाकून सगळे आठशे सातमध्ये जमले, कारण धाकटीने चहा तिथेच मागवला होता. चहा आला आणि धाकटीला ऑफिसचा फोनही आला. खाली रेंज बरी मिळते म्हणून ती फोन कानाला लावून गेली, ती तासभर तिकडेच अडकली.

पुढचं सगळं या तासाभरात घडलं, आणि वहिनीने ते सुरुवातीपासून पाहिलं.

आईने चहाला हात लावला नाही. खोलीभर नजर फिरवून ती सरळ खिडकीशी गेली. वहिनीला सासूचं हे जाणं चांगलं ओळखीचं होतं. बारा वर्षं ती दुकानात सासूशेजारच्या मशीनवर बसत आली होती. आईने जाड पडद्याच्या दोन्ही बाजू ओढून एकत्र आणल्या. त्या मिळाल्या नाहीत. मध्ये चार बोटांची फट राहिली आणि दुपारच्या उन्हाची एक पट्टी आत येऊन थेट पलंगाच्या डाव्या उशीवर पडली.

"ही कुठल्या बाजूला झोपते?" आईने विचारलं.

कोणालाच सांगता येईना. आत्या म्हणाली, लहानपणी डावीकडे झोपायची, भिंतीकडे तोंड करून. आईने त्या उशीकडे पाहिलं, मग वाकून पडद्याची खालची दुमड उलटी केली आणि दादाला हाक मारली. दादा आला, त्यानेही दुमड पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. वहिनीनेही पाहिली. दोष उघड होता. दुमडीचा टाका ताणून मारला होता, त्यामुळे कापड गोळा होऊन डावी बाजू आखडली होती. पडदा सरळ पडावा म्हणून कोपऱ्यात घातलेलं शिशाचं वजन निसटून मधेच कुठेतरी अडकलं होतं. असा पडदा आयुष्यात कधी सरळ पडला नसता.

"राहू दे आई," दादा म्हणाला. "आपलं काय जातंय."

पण म्हणता म्हणता त्याने खुर्ची ओढली होती. त्याचेही हात शिवशिवत होते, आणि पाकीट नाकारलं गेल्यापासून त्याला काहीतरी करून दाखवायचंच होतं. तो खुर्चीवर चढला, वरचे आकडे एकेक करून सोडवले, आणि पाच मिनिटांत तो एवढा मोठा पडदा पलंगावर आडवा झाला. आईने पेटी उघडून छोटं पातं काढलं, चष्मा बदलला आणि ती दुमड उसवायला बसली. वहिनीने शेजारी बसून दुसरं टोक धरलं. आत्याने उसवलेले दोरे गोळा करून चहाच्या बशीत ठेवले. चौघांपैकी कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. एखाद्याने रस्त्यात पडलेलं दुसऱ्याचं सायकलचं चाक उचलून बाजूला ठेवावं तितकंच ते त्यांना साधं वाटत होतं.

वहिनी टाका घालत होती, पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. आठशे सहामध्ये सामान ठेवताना तिने तिथला पडदाही पाहिला होता. तोही असाच, फट तितकीच. आईनेही तो पाहिलाच असणार, तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. पण तिथे ती थांबली नाही. वहिनीला तिसऱ्या मशीनचा राग होता. चांगलं मशीन, तिच्या स्वतःच्या खडखडणाऱ्या मशीनपेक्षा कितीतरी हलकं, आणि नऊ वर्षं एका गेलेल्या मुलीची वाट बघत कापडाखाली बसलेलं. त्या रागात तिने धाकटीलाही धरलं होतं. आज उन्हाची ती पट्टी उशीवर पडलेली पाहून आईचा चेहरा जसा झाला, तो पाहून वहिनीचा राग अर्धा खाली बसला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. टॉवेल द्यायला आलेल्या हाऊसकीपिंगच्या बाईंनी आत पाहिलं. उघडी खिडकी, पलंगावर उसवलेला पडदा, त्यावर वाकलेल्या तीन बायका आणि खुर्चीवर उभा एक गृहस्थ. बाईंनी टॉवेल दाराशीच ठेवले आणि खाली फोन लावून मॅडमना वर बोलावलं.

*

धाकटी धावतच वर आली. जिन्याने आली, कारण लिफ्टची वाट बघण्याइतका तिला धीर नव्हता. दारात हाऊसकीपिंगच्या बाई उभ्या होत्या, अगदी नम्र आणि अगदी ताठ. मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या पाहुण्या, म्हणून मी आधी तुम्हालाच सांगितलं, नाहीतर मला रिपोर्ट करावा लागतो, असं त्या म्हणाल्या. धाकटीने त्यांची तीनदा माफी मागितली. या इमारतीत नऊ वर्षं तिने कधी टॉवेलसुद्धा जमिनीवर टाकला नव्हता.

"आई, हे आपलं दुकान नाहीये."

"कोण म्हणतंय आहे म्हणून?" आईने मान वर केली नाही. "पडदा चुकलेला आहे, एवढंच."

"तुला कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"कुणी नाही."

"मग? इथे मला लोक ओळखतात. माझं नाव आहे इथे."

सुई थांबली. आईने चष्मा काढला आणि पहिल्यांदाच मुलीकडे नीट पाहिलं. "इथे आहे," ती म्हणाली. "आणि तिथे नव्हतं?"

दादा मध्ये पडायला गेला, पण कुणाच्या बाजूने पडावं ते त्याला ठरवता येईना, म्हणून तो नुसताच खुर्चीवरून खाली उतरला. आत्या म्हणाली, चुकलं आमचं सगळ्यांचंच, मीही दोरे गोळा केले. तिच्या या कबुलीकडे कुणी लक्ष दिलं नाही. आईने सुई पेटीतल्या छोट्या गादीत खोचली, पातं पुसलं, पेटीचं झाकण लावलं. मग ती शांतपणे म्हणाली की बाकीचं शिवण सुनेला येतं, ती पुरं करील. संध्याकाळची गाडी सहाची आहे, आत्ता निघालं तर मिळेल. आणि पेटी घेऊन ती खोलीबाहेर पडली. आठशे सहामधून पिशवी उचलल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

धाकटी पलंगाच्या कडेला उसवलेल्या कापडाशेजारी बसली. तिला एकदम थकल्यासारखं झालं. नऊ वर्षांच्या रात्री एकावर एक रचून तिने आईला इथवर आणलं होतं आणि आई तीन तासही राहिली नव्हती.

"ताई, उठा," वहिनी म्हणाली. तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं होतं. एरवी नणंद-भावजयीत कामापुरतंच बोलणं व्हायचं, त्यामुळे तिचा आवाज तिलाही नवा वाटला. "तुम्हाला दोन गोष्टी सांगते. आईंच्या खोलीतला पडदाही असाच आहे. त्याला त्यांनी हात नाही लावला."

धाकटीने उशीकडे पाहिलं. उन्हाची पट्टी आता सरकून जमिनीवर गेली होती. या खोलीत ती दर दोन महिन्यांनी येत असे आणि दर सकाळी डोळ्यांवर हात घेऊन उठत असे. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही वाटलंच नव्हतं.

"आणि दुसरी?"

"तुमच्या मशीनला आई दर शनिवारी तेल घालतात. कापड काढतात, तेल घालतात, चाक दोनदा फिरवतात आणि कापड परत टाकतात. नऊ वर्षं. एक शनिवार चुकवला नाही. आता जा, लिफ्ट गेली तर चुकामूक होईल."

*

आई दोन नंबरच्या लिफ्टसमोर उभी होती. धाकटी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. लिफ्ट आली. आत आधीच सहा माणसं होती, मोठ्या बॅगांसह. दोघी कशाबशा शिरल्या. आईने पेटी छातीशी धरली आणि ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, रागही ओसरला होता. तिला नुसतं लाजल्यासारखं झालं होतं, पोरीला तिच्या लोकांसमोर खाली मान घालायला लावल्याची लाज. पण ते बोलून दाखवणं तिच्या जिवावर आलं होतं.

खाली दार उघडलं. आईने पाऊल पुढे टाकलं आणि तिच्या चपलेचं टोक उंबऱ्याला अडकलं. ती तोल जाऊन पुढे कलली. धाकटीने दंड धरून तिला सावरलं, बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, लागलं का ते विचारलं. लागलं नव्हतं. मग धाकटी वळली आणि लिफ्टच्या दाराशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

आईला वाटलं, काही पडलं असेल. पण धाकटीने खिशातून वीतभर लांबीची पोलादी पट्टी काढली, सुट्टीच्या दिवशी, बाहेर फिरायला घालायच्या कपड्यांतून, आणि लिफ्टची जमीन व फरशी यांच्यामधलं अंतर मोजलं. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. आईने त्या आठ्या ओळखल्या. वाकडी शिवण दिसली की नवऱ्याच्या कपाळावर त्या अशाच पडायच्या, डावीकडे दोन आणि मधे एक.

"आई, जरा आत ये," धाकटी म्हणाली.

आई उठून आत गेली. का, ते तिने विचारलं नाही.

"आता बाहेर. सांभाळून. आता पेटी आणि पिशवीसकट पुन्हा आत."

आई आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. पन्नास वर्षं तिने लोकांना असं सांगितलं होतं, हे टोक धर, आता सोड, आता ताण. आज ती सांगितलेलं करत होती आणि तिला त्यात कमीपणा वाटत नव्हता. धाकटीने तिथून जाणाऱ्या दोन धट्ट्याकट्ट्या पाहुण्यांनाही मिनिटभर आत उभं केलं. माणसं चढली की लिफ्टची जमीन फरशीपेक्षा बोटभर खाली जाते, ती उतरली की वर येते. आईला ते उघड्या डोळ्यांनी दिसलं. आधी तिला ते दिसलं नव्हतं.

धाकटी काउंटरवर गेली आणि तिने दोन नंबरची लिफ्ट लगेच बंद ठेवायला सांगितली. हॉटेलचा इंजिनिअर आला. केस पिकलेला, अनुभवी माणूस. तो म्हणाला, गेल्याच आठवड्यात माणूस येऊन बघून गेलाय.

"आला असेल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात विनवणीही नव्हती. "रिकामी असताना बरोबर थांबते. भरली की दबते. ब्रेक बघून घ्या, आणि तोवर माणसं चढू देऊ नका. आज माझी आई अडखळली. उद्या कुणाचं पाऊल आत असताना खाली गेली तर?"

इंजिनिअरने स्वतः आत उभं राहून पाहिलं, स्वतःची टेप लावून पाहिली. मग 'लिफ्ट बंद'ची पाटी आणून दाराला लावली. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, धाकटीला मॅडम म्हणून दोन प्रश्न विचारले आणि तिने सांगितलेलं नीट उतरवून घेतलं. शेवटी तो आईकडे वळून म्हणाला, "आजी, तुम्ही कोण यांच्या? इन्स्पेक्टर आहात का तुम्हीही?"

"नाही," आई म्हणाली. "मी हिची आई."

पट्टी खिशात घालता घालता धाकटीचा हात थांबला. आईने विचारलं,

"तुला कुणी सांगितलं होतं हे बघायला?"

"नाही."

"सुट्टीवर आहेस ना?"

"हो."

"मग?"

धाकटीने आईकडे पाहिलं. "चुकलेली होती," ती म्हणाली.

आईने पिशवी मुलीच्या हातात दिली. आणि पिशवीमागून, आयुष्यात कुणाच्या हाती न दिलेली शिवणाची पेटीही दिली. "चल," ती म्हणाली. "माझा पडदा अर्धा राहिलाय. तुझ्या वहिनीला कोपरा बांधता येतो, पण शिशाच्या वजनाची पिशवी शिवणं तिला अजून साधत नाही."

एक नंबरची लिफ्ट आली. आत पाऊल टाकण्याआधी आईने खाली वाकून उंबरा पाहिला. सरळ होता.

*

पडदा साडेसहाला वर चढला. हाऊसकीपिंगच्या बाई तेव्हाही दाराशी होत्या, पण आता त्या आत येऊन उभ्या होत्या. आईने दोन्ही बाजू ओढल्या आणि त्या मधे येऊन मिळाल्या, खालपासून वरपर्यंत. खोलीत एकदम रात्र झाली. बाईंनी दुमड हातात धरून पाहिली. टाका कुठे आहे ते त्यांना सापडेना. रिपोर्टचं त्यांनी नाव काढलं नाही. उलट, हे कसं करतात ते दाखवाल का, असं हळूच विचारलं, आणि आईने जुन्या दुमडीचा एक तुकडा घेऊन त्यांना दोनदा दाखवलं.

धाकटीने आईला विचारलं, तुझ्याही खोलीचा करून टाकायचा का.

"माझं काय, मी दोन रात्रींची," आई म्हणाली. "तुला इथे यायचं असतं."

सहाची गाडी केव्हाच निघून गेली होती, आणि आई दोन रात्री म्हणाली होती. आत्याने ते ऐकून दुसरी साबणाची वडीही पर्समध्ये टाकली.

दादाला रात्री छान झोप लागली. सकाळी तो सगळ्यांच्या आधी खाली येऊन खिडकीजवळचं टेबल धरून बसला. पैसे द्यायचे नव्हते, तर निदान जागा धरायची. एकेक जण उतरलं. धाकटी सगळ्यांत शेवटी आली, केस ओले, आणि म्हणाली की इथे आल्यापासून पहिल्यांदाच गजराने उठले. आईने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तिच्या ताटलीत दुसरं अंडं वाढलं.

दोन नंबरच्या लिफ्टवर अजून पाटी होती. तिच्यासमोर दोन माणसं पेट्या उघडून बसली होती. त्यातल्या एकाने लांबून धाकटीला पाहिलं आणि उठून मान लववली. दादाने ते पाहिलं आणि आईने ते पाहिलं का हे बघायला तो वळला. आई पावाला लोणी लावत होती. कडेपर्यंत, कोपरे न सोडता, जसं ती सगळंच करते.

"सूनबाई," ती म्हणाली, "घरी गेल्यावर तिसऱ्या मशीनवरचं कापड काढ. ते मशीन आता तू घे. शनिवारीच तेल घातलंय मी, हलकं चालेल."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला. नऊ वर्षं मनात धरलेली गोष्ट अशी नाश्त्याच्या टेबलावर हातात येईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि ती आली तेव्हा तिला आनंदाआधी नणंदेची काळजी वाटली. तिने धाकटीकडे पाहिलं, मग सासूकडे.

"पण आई, ते तर ताईंचं," ती म्हणाली.

"होतं," आई म्हणाली. तिने लोणी लावलेला पाव धाकटीच्या ताटलीत ठेवला आणि सुरी पुसली. "तिला कुठे वेळ आहे? तिला तिचं काम आहे."